बसून लावायचा दिवा

हिवरखिंडीतल्या ढवळे आळीत अकरा घरं आहेत, आणि अकराही घरांच्या दाराशेजारी दिव्याचा कोनाडा जमिनीपासून गुडघ्याएवढ्याच उंचीवर आहे. नवख्याला वाटतं, गवंडी चुकला. पण नरक चतुर्दशीला सूर्य उगवताना इथे आलं, की दिसतं ते असं: घरचा कर्ता पुरुष उंबऱ्याशी जमिनीवर बसतो आणि बसूनच त्या कोनाड्यात पणती ठेवतो. दिवाळीचा पहिला दिवा या आळीत उभं राहून कोणी लावत नाही. पाहुणे कारण विचारतात, तेव्हा भावकीतले सर्वांत वयस्कर तात्या ढवळे आधी त्यांनाही खाली बसायला लावतात आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी, असे सांगतात, आळीतल्या पहिल्या घरात भागीरथीबाईंचा थोरला मुलगा नरक चतुर्दशीला गेला. अंगाला उटणं लागलेलं होतं आणि न्हाणीत साप चावला. सणाच्या दिवशी घरात माणूस गेलं की तो सण अडतो. पुढे कधी त्याच दिवशी त्याच घरात मूल जन्मलं, तर सुटतो. तोवर उटणं नाही, तळण नाही, दारात दिवा नाही. कुंभार दरवर्षी ठरलेल्या पणत्या देऊन जाई. त्या माळ्यावर पालथ्या पडून राहत. शेजारी फराळाची ताटं पाठवत, आणि ती रिकामी परत देताना भागीरथीबाईंची मान खाली जाई. अशी चौदा वर्षं गेली.

धाकटा मुलगा संतू. त्याची बायको येसू. तिला पहिल्यांदा दिवस गेले, ते नेमके दिवाळीच्या सुमारास भरत होते. कोणी बोलून दाखवलं नाही, पण तेव्हापासून घरातले सगळे तिच्याकडे पंचांगाकडे पाहावं तसे पाहू लागले. तिला दूध मिळू लागलं. पाण्याची घागर तिच्या हातून काढून घेतली जाई. सासू स्वतः तिच्या पायांना तेल चोळी. येसूला ती माया वाटली. तेल चोळणारे हात दिवसही मोजत होते, हे तिला पुढे कळलं.

कळा सुरू झाल्या त्या धनत्रयोदशीला, दुपार कलल्यावर. गावच्या जोशांनी निरोप धाडला, की तिथी सूर्योदयाची धरायची; उद्या सूर्य वर येण्याआधी जन्मलेलं मूल उपयोगाचं नाही. 'उपयोगाचं' हाच शब्द होता म्हणे. तात्या तो दोनदा सांगतात. थांबवता येईल का, असं भागीरथीबाईंनी विचारलं, तेव्हा काशी सुईण तिखटपणे म्हणाली, "कळा म्हंजी काय सालगडी हायती व्हय मामी, थांब म्हटलं की थांबाया?"

काशीला बाहेर बसवलं. भागीरथीबाईंनी येसूचे पाय जुळवले आणि आपल्या जुन्या लुगड्याने घोट्यांपासून मांड्यांपर्यंत बांधले. बांधताना त्या रडत होत्या, असंही सांगतात.

"एक रात कळ काढ, येसू," त्या म्हणाल्या. "म्या चौदा वर्सं काढलीया."

येसूने संतूला हाक मारली. तो अंगणात पूर्वेच्या डोंगराकडे तोंड करून उभा होता. त्याने हाक ऐकली आणि तो आला नाही. भावकीतल्या काहींनी गोष्टीतून त्याचं नाव गाळायला पाहिलं; तात्या गाळू देत नाहीत.

त्या रात्रीचं येसूला पुढे फारसं आठवत नसे. आठवे ते एवढंच, की पोटातलं मूल आधी जोरात धडका देत होतं, मग हळूहळू धडका कमी झाल्या, आणि त्या कमी झाल्याची भीती वाटली तेव्हा तिला ओरडायला आवाज उरला नव्हता.

डोंगरावर ऊन दिसलं तेव्हा लुगडं सोडलं, काशीला आत बोलावलं. मुलगी झाली. निळी पडलेली. काशीने तोंडाने फुंकर घालून घालून तिला जेमतेम रडवली.

दाराबाहेर भावकीतले चार म्हातारे येऊन बसले होते. त्यांनी पहिलं विचारलं, सूर्य वर आला होता ना? दुसरं विचारलं, मुलगा का? मुलगी म्हटल्यावर त्यांनी आपसात ठरवलं, की गेला तो मुलगा होता, त्याच्या जागी मुलगी चालत नाही, सण सुटला नाही. भागीरथीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

येसूने काशीकडे माळ्यावरची एक पणती मागितली. काशीने काही न विचारता काढून दिली, बाळंतिणीच्या अंगाला चोळायचं तेल तिच्यात ओतलं आणि शेगडीच्या निखाऱ्यावर वात पेटवली. येसूच्या पायांत उभं राहण्याचं बळ नव्हतं. ते सुजून काळेनिळे झाले होते. एका हातात पणती धरून, दुसरा हात टेकत, ती बसल्या बसल्या उंबऱ्यापर्यंत सरकत आली. मागे सारवलेल्या भुईवर रक्ताचा पट्टा उमटत गेला. म्हातारे कालवा करू लागले, की घरात सोयर आहे, बाळंतिणीने दिव्याला शिवू नये, अडलेला सण असा मनाने सोडवता येत नाही.

येसू म्हणाली, "रातभर सूर्व्या माज्या पायाला बांदून ठिवला हुता तुमी. आता उगवलाय न्हवं? मंग सरा बाजूला."

दाराशेजारी भिंतीतला एक दगड निखळून खळगा पडला होता. तिचा हात तेवढाच पोचत होता. तिथे तिने पणती ठेवली. वाऱ्याने ज्योत आडवी झाली, तेव्हा भागीरथीबाई सरकत पुढे आल्या, सुनेच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी पदर आडवा धरला.

मुलगी भाऊबीजेला गेली. तिला दूध ओढताच आलं नाही. म्हातारे पुन्हा आले आणि म्हणाले, आता या घराची भाऊबीजही अडली. भागीरथीबाई उठून दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ह्या घरात हितनं म्होरं कुठलाबी सण अडायचा न्हाई. मारली तेवढी पुरं झाली."

अलीकडे काहीजण सांगतात, की ती मुलगी म्हणजे साक्षात लक्ष्मी होती, घर उजळून परत गेली, आणि पणती चारही दिवस तेलावाचून जळत राहिली म्हणे. तात्यांना हे खपत नाही. पणतीत तेल काशी घालत होती, असं ते ठणकावून सांगतात. ज्यांनी पाय बांधले ते आपलेच लोक होते, आणि मुलीला देवी केलं की त्यांना कोणी जाब विचारत नाही.

आजही ढवळे आळीत सणाला माणूस गेलं, तर दुःख होतं, सण अडत नाही. आजही पहिला दिवा बसूनच लावतात. आणि आळीतल्या कोणाचं बाळंतपण झालं, मग ते तालुक्याच्या दवाखान्यात का असेना, निरोप घेऊन आलेल्याला कोणी तिथी विचारत नाही, मुलगा का मुलगी तेही विचारत नाही. घराघरातून माणसं बाहेर येतात आणि आधी एवढंच विचारतात, "बाई कशी आहे?"