डोंगराच्या अलीकडे तिपानी का उगवत नाही

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा झाडं बोलत, आणि म्हातारी झाडं जरा जास्तच बोलत.

एका डोंगरापलीकडे तिपानीचं कुरण होतं. तिपानी म्हणजे बरसीम या चाऱ्याच्या गोतातली, तीन-तीन पानांची रानरोपटी. तिचं आयुष्य एका हिवाळ्याचं. थंडीत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि ऊन तापायच्या आत संपायचं.

एकदा तिचं एक बी मेंढीच्या खुराला चिकटून डोंगराच्या अलीकडे आलं आणि तिथेच रुजलं. इथे तिच्या जातीचं कुणी नव्हतं. वारा आला की ती एकटीच वाकायची आणि एकटीच उभी राहायची. शेजारी होती एक म्हातारी बोर आणि जमिनीभर पसरलेली हरळी.

थंडी भरात असताना तिला कळी धरली. कुरणातून पराग अंगाला माखून एक मधमाशी आली. म्हणाली, उघडतेस का? आमचं पोळं उठणार आहे, पुन्हा येणं व्हायचं नाही.

तिपानीने बोरआजीला विचारलं.

"अगं, डोकं वर निघालं नाही तोच फुलायचं? आधी मुळं खोल घाल. मी कित्येक वर्षं फुलाचं नावसुद्धा काढलं नव्हतं."

हरळीने री ओढली. माश्या काय, दरवर्षी येतात, पुढच्या साली बघू.

पुढचं साल म्हणजे काय, हे तिपानीला ठाऊक नव्हतं. सांगायला आई नव्हती. या गोतात आई लेकीला भेटतच नाही. आणि 'पोरी, तुझं आयुष्य किती?' एवढं साधं विचारावंसं त्या दोघींना वाटलं नाही. सल्ला देण्यातून सवड कुठे?

तिने कळी मिटून ठेवली. गुणाची पोर, असं तिचं कौतुक झालं.

मग ऊन तापलं. पानं पिवळी पडली तेव्हा घाबरून तिने फूल उघडलं. दिवसभर वाट पाहिली.

"मावशी, कुणी येतंय का गं?"

"येतील की पुढच्या साली," हरळी म्हणाली. "धीर धर."

बी न धरताच ती वाळली.

बोरआजी हळहळली, इथली मातीच तिच्या जातीला मानवत नाही म्हणाली. ते मेंढपाळांनी ऐकलं, गावाने ऐकलं, आणि आजही मोठी माणसं पोरांना तेच शिकवतात. माती चांगली होती.

ज्याच्याकडे एकच हंगाम आहे त्याला थांबायला सांगणारा वयाने मोठा असेल, शहाणा नसतो.