एकेरी रांगेचा कायदा

गोष्ट जुनी आहे, मी आपली सावकाश सांगतो. एका दिवाणजींनी कायदा लिहिला, की रस्त्यानं मेंढरं न्यायची ती एकामागं एक, रांगेत. रांग मोडली तर कळप जप्त. राजा म्हणाला, “शिक्का मग मारू. आधी खेड्यात जाऊन बघा, लोकांना जाच होतो का.”

दिवाणजी मेण्यातून माळावर आले. म्हाकूबाई धनगरीण हात जोडून म्हणाली, “धनी, चारशे मेंढरं हायती. रांगेनं पाण्यावर पोचायच्या आधी तहानंनं मरतील.”

“तुला काय कळतंय कायद्यातलं!” म्हणून दिवाणजी पाटलाकडं जेवायला निघाले.

म्हाकूबाईनं लगेच मेंढवाड्याच्या कुंपणाच्या फटीतून एकेक मेंढरू सोडलं, नेमकं मेण्याच्या आडवं. पहिलं गेलं, दुसरं गेलं. तिसरं रस्त्यातच बसलं.

“अगं, हाकल की सगळी!” दिवाणजी भुकेनं ओरडले.

“रांग मोडंल, धनी.”

“अजून किती आहेत?”

“तीनशे सत्त्याण्णव. तुम्ही जाच बघायलाच आलायसा न्हवं? निवांत बघा.”

दिवाणजींनी कायद्याचा कागद तिथंच फाडला. म्हाकूबाईनं कुंपण उघडून शीळ घातली, तसा सगळा कळप एका दमात पाण्याकडं पळाला.

राजानं विचारलं, “काय, जाच होतो का?”

“होतो महाराज,” दिवाणजी म्हणाले. “मला फार झाला.”