टिमकीच्या बिळावर जीप

टिमकी नावाची एक चिचुंद्री होती. नाक लांब, शेपूट लांब, मधली ती एवढीशी. दौलूमामाच्या अंगणात तिचं बीळ होतं. बिळात तिची तीन बाळं होती.

दौलूमामाची एक जुनी जीप होती. जीपच्या पोटाखाली लांब लोखंडी दांडा असतो. त्याला म्हणतात शाफ्ट. तो फिरला, की मागची चाकं फिरतात. मामाचा शाफ्ट आठवडाभर खडखडत होता. मामाने नवा आणून ठेवला होता. पण आज बसवीन, उद्या बसवीन!

आज सकाळी शाफ्ट दारातच तुटला. कडाड्!

मामाने आणि शेजाऱ्यांनी जीप ढकलली. अंगणात आणली. मागची बाजू ओंडक्यांवर चढवली. आणि पुढचं चाक थांबलं कुठे? बरोबर टिमकीच्या बिळावर!

टिमकी किडे शोधून घरी आली. बघते तर काय, दारच नाही! आतून आवाज आला, "चीं चीं चीं!"

टिमकी म्हणाली, "जीपताई, जीपताई, सरक ना. दार उघडेना, माझी बाळं भुकेली!"

जीप म्हणाली, "सरकू कशी? शाफ्ट बसेना, मी सरकेना."

टिमकी निघाली. भिंतीच्या कडेने, सुर्र सुर्र सुर्र. पडवीत पोत्यावर नवा शाफ्ट पडला होता.

"शाफ्टदादा, शाफ्टदादा, बस ना. जीप सरकेना, दार उघडेना, माझी बाळं भुकेली!"

शाफ्ट म्हणाला, "बसू कसा? जुन्याचे बोल्ट सुटेनात, मी बसेना."

टिमकी निघाली. भिंतीच्या कडेने, सुर्र सुर्र सुर्र. जीपच्या पोटाखाली बोल्ट होते. चार पुढे, चार मागे. सगळे गंजलेले.

"बोल्टांनो, बोल्टांनो, सुटा ना. शाफ्ट बसेना, जीप सरकेना, दार उघडेना, माझी बाळं भुकेली!"

बोल्ट म्हणाले, "सुटू कसे? मामा उठेना, पाना धरेना, आम्ही सुटेना."

टिमकी निघाली. भिंतीच्या कडेने, सुर्र सुर्र सुर्र. मामा पायरीवर बसला होता. गाल फुगवून.

"मामा, मामा, ऊठ ना. बोल्ट सुटेनात, शाफ्ट बसेना, जीप सरकेना, दार उघडेना, माझी बाळं भुकेली!"

मामा म्हणाला, "उठू कसा? पोटात कावळे ओरडतायत. मामी वाढेना, मी उठेना."

टिमकी निघाली. भिंतीच्या कडेने, सुर्र सुर्र सुर्र. मामी चुलीपाशी होती. भाकऱ्या झाल्या होत्या. चटणी व्हायची होती.

"मामी, मामी, वाढ ना. मामा उठेना, बोल्ट सुटेनात, शाफ्ट बसेना, जीप सरकेना, दार उघडेना, माझी बाळं भुकेली!"

मामी म्हणाली, "वाढू काय, माझं डोकं? पाटा आहे, वरवंटा नाही! चटणी वाटू कशाने? वरवंटा गवसेना, मी वाढेना."

टिमकी वरवंटा शोधायला लागली. नाक जमिनीला. हुंग हुंग हुंग. इथे शेण. तिथे डिझेल. आणि चाकापाशी काय? मिरची! लसूण!

"आक्... आक्... आक्छीं!"

जीप घरंगळू नये म्हणून चाकाला दगड लावतात. मामाने घाईत काय लावलं होतं? मामीचा वरवंटा!

"वरवंटेबुवा, वरवंटेबुवा, निघा ना. मामी वाढेना, मामा उठेना, बोल्ट सुटेनात, शाफ्ट बसेना, जीप सरकेना, दार उघडेना, माझी बाळं भुकेली!"

वरवंटा म्हणाला, "निघू कसा? जीप सरकेना, मी निघेना."

अरे देवा! फिरून फिरून जीपच! टिमकीला रडू आलं.

आतून आवाज आला, "चीं... चीं..." आता अगदी बारीक.

टिमकीने डोळे पुसले. चिचुंद्री कधी अंगणाच्या मधून जात नाही. तिला भीती वाटते. पण भिंतीच्या कडेने वाट लांबची. टिमकी मधूनच पळाली. उन्हातून, कोंबड्यांच्या पायांमधून, थेट चुलीपाशी.

"मामी, मामी! वरवंटा गवसला! जीपच्या चाकाखाली!"

मामीने पदर खोचला. अंगणात आली.

"अहो, हे काय लावलंय चाकाला?"

"दगड लावलाय, दगड."

"दगड? सासूबाईंचा वरवंटा आहे तो!"

मामाने डोकं खाजवलं. "घाईत हाताला लागला गं. थांब, काढतो."

"हात लावू नका! जीप घरंगळेल. आधी वीट, मग वरवंटा."

मामीने दुसऱ्या चाकाला वीट लावली. धप्! मग वरवंटा ओढला. गडगडगड!

वरवंटा गवसला. मामीने चटणी वाटली. घुर्र घुर्र.

मामी वाढायला लागली. मामा जेवला. तीन भाकऱ्या. ढेकर दिली. ढर्रर्र!

मामा उठला. बोल्टांना तेल पाजलं. टप टप टप. पाना लावला. कर्र... कर्र... खट्!

खालचे बोल्ट सुटले. वरच्यांना हात पुरेना. मामाने शाफ्ट गर्रकन फिरवला. वरचे खाली आले. तेही सुटले.

जुना शाफ्ट पडला. धाडकन! नवा शाफ्ट बसला. खटॅक! मामाने आठही बोल्ट पुन्हा आवळले. घट्ट घट्ट घट्ट.

ओंडके निघाले. वीट निघाली. जीप खोकली. घर्र घर्र घर्र. जीप सरकली.

दार उघडलं!

एक नाक बाहेर आलं. दुसरं नाक आलं. मग कुणीच येईना. टिमकी वाट बघत राहिली. मग तिसरं नाक आलं, सगळ्यांत छोटं.

टिमकीने तिघांना पोटाशी घेतलं. तिघं दूध प्यायली. चुटुक चुटुक चुटुक.

पोटं भरली. मग टिमकी म्हणाली, "चला. आता इथे राहायचं नाही."

एका बाळाने आईला मागून धरलं. दुसऱ्याने पहिल्याला धरलं. तिसऱ्याने दुसऱ्याला धरलं. निघाली सगळी, भिंतीच्या कडेने, सुर्र सुर्र सुर्र, पायरीखालच्या नव्या घरात. तिथे जीप मावत नाही.