घरातला खबऱ्या

निवृत्त फौजदार अप्पासाहेबांच्या घरात त्यांना कळल्याशिवाय पानही हलत नसे. कॉम्प्युटरवर आपोआप भलत्याच साइट उघडू लागल्या, म्हणून सून मृण्मयी तो साफ करायला बसली. तेव्हा टाइप केलेलं अक्षर न् अक्षर टिपणारा छुपा प्रोग्राम तिला सापडला. तिनं तो लगेच काढला नाही. ‘सोमवारी नागपूरला नोकरीवर रुजू होतेय,’ एवढंच टाइप केलं आणि पुसून टाकलं.

जेवायला बसताच अप्पासाहेब कडाडले, “या घरातली सून नागपूरला नोकरी करणार नाही.”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. “कसलं नागपूर?”

“कसलंच नाही, आई. मी ते नुसतं टाइप करून पुसलं होतं,” मृण्मयी शांतपणे म्हणाली. “अप्पा, तुमचा खबऱ्या पक्का आहे, खबर तेवढी मी पेरली होती. आता त्याला तुमच्याच हातानं काढा.”