फेटा बांधण्याआधी

खूप खूप वर्षांमागे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. नवं घर बांधून झालं, की मुहूर्तावर घरधन्याने उंबऱ्यात उभं राहून गवंड्याच्या डोक्याला फेटा बांधायचा. फेटा बांधला की घर धन्याचं. मग भिंत पडो की छप्पर गळो, गवंड्याला कोणी बोल लावायचा नाही.

रीत चांगली होती की वाईट, हे मी सांगत नाही. होती.

त्या गावात एक विणकर राहत होता. त्याचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असे. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. जुन्या घरात त्या खड्ड्याला ओल लागली. सूत कुजलं, माग थांबला, घरात एक वेळची चूल पेटू लागली. म्हणून होतं नव्हतं ते घालून त्याने नवं घर बांधायला दिलं. हेही घर ओलं निघालं, तर पुन्हा बांधायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

शेजारी एका तेल्याचं घर उभं राहत होतं. गवंडी तोच. मुहूर्तही एकाच दिवसाचा, भर वैशाखातला.

त्या सकाळी विणकर नव्या घरात शिरला. भिंती नुकत्याच सारवलेल्या होत्या. घरभर धूप कोंदला होता.

"परवाच सारवलं होतंस. आज पुन्हा कशाला?" त्याने विचारलं.

"शुभकार्य आहे, दादा. घर सजायला नको?" गवंडी हसला.

"आणि एवढा धूप?"

"देवासाठी."

"देव समोरच्या कोनाड्यात आहे. धूप मागाच्या खड्ड्याजवळ जास्त आहे."

गवंडी हसायचा थांबला.

विणकराने कापसाचा बोळा खड्ड्याच्या तळाशी दाबून ठेवला. पूजा आटोपल्यावर काढला. बोळा ओला होता.

"सारवण ओलं आहे, म्हणून," गवंडी म्हणाला.

"असेल," विणकर म्हणाला. त्याने घागर उचलली आणि घरामागे, डोंगराच्या बाजूला, पाणी ओतायला सुरुवात केली. एक घागर, दुसरी, तिसरी. जमलेले लोक हसू लागले.

"अरे, मांडवात उभा राहून नवरीचे दात मोजतोस का?" एक म्हातारा ओरडला.

बायको जवळ आली. "अहो, पाहुणे ताटकळलेत. लोक काय म्हणतील?"

"लोक जेवून जातील. राहायचं आपल्याला आहे. तू खड्ड्याकडे बघ."

विसाव्या घागरीला आतून तिची हाक आली. खड्ड्यात पाणी चढत होतं.

गवंड्याने आवाज खाली आणला. "मुहूर्त टळतोय. फेटा बांध. आठ दिवसांत दुरुस्त करून देतो. माझा शब्द."

"आधी दुरुस्त कर, मग फेटा बांधतो. हा माझा शब्द."

मुहूर्त टळला. भटजी पुटपुटत निघून गेले. पाहुणे झाडाखाली जेवले.

तेली आपल्या उंबऱ्यात फेटा हातात घेऊन हे सगळं बघत होता. विणकर त्याला म्हणाला, "तूही मागे चार घागरी ओत. मग बांध."

"माझा माझ्या भिंतीवर विश्वास आहे, बाबा."

"विश्वास ठेव. पाणीही ओत."

"तुझ्या रिकाम्या घरात भुतं येतील, त्यांचं बघ!"

"येऊ देत. भुतांना विणायचं नसतं."

तेल्याने फेटा बांधला आणि लाडू वाटले.

दुसऱ्या दिवशी विणकराच्या घरामागे खणलं. डोंगराचं पाणी बाजूला नेणारा दगडी चर तिथे असायला हवा होता. नव्हताच. गवंड्याने दोष मजुरांवर ढकलला. विणकराने त्यालाच चर बांधायला लावला. तो रोज धोंड्यावर येऊन बसू लागला. बसवायच्या आधी प्रत्येक दगड उलटून बघू लागला.

"तू मला चोर समजतोस," एक दिवस गवंडी चिडून म्हणाला.

"चोर समजलो असतो, तर दुसरा गवंडी आणला असता. घाईचा माणूस आहेस तू. दगड नीट बसव."

महिनाभराने विणकराने पुन्हा पाणी ओतलं. या वेळी पन्नास घागरी. खड्ड्यात हात घातला. कोरडा. तेव्हा त्याने स्वतः विणलेला फेटा गवंड्याच्या डोक्याला बांधला. मुहूर्त पाहिला नाही.

श्रावणात डोंगरावरून पाणी उतरलं. विणकराचा माग चालू राहिला. तेल्याच्या कोठीत मात्र पोत्यांतल्या तिळाला मोड आले आणि मागची भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली. तेली गवंड्याकडे धावला. गवंड्याने डोक्यावरच्या फेट्याला हात लावला. "रीत तुला ठाऊक आहे, शेटजी."

तेली पाठीवर पोतं घेऊन विणकराच्या दारात आला. "एवढे तीळ ठेवू दे. बाकीचे गेले."

विणकराने पोतं चाचपलं. "ओलं आहे. ओसरीवर ठेव. मागाच्या खोलीत नाही."

"अजून संशय?"

"अजून."

मग विणकराने कुदळ घेतली आणि भर पावसात तेल्याच्या घरामागे चर खणायला लागला. तेलीही खाली मान घालून खणू लागला. पण भिंत तोवर थांबली नाही. दुपारी ती बसली.

तात्पर्य: घर हाती घेण्याआधीचा संशय घर वाचवतो; नंतरचा पस्तावा एक वीटही सरळ करत नाही.