डोळे दिसले पाहिजेत!

एका गावात एक भोळा गडी होता, निवृत्ती नावाचा. भोळा म्हणजे किती? सांगितलेला एक शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढा.

गावाच्या माळावर लांडगा कोळी फार. हा जाळं विणत नाही, जमिनीवर धावून शिकार धरतो, आणि मादी पिल्लं पाठीवर घेऊन हिंडते. तेवढ्या एका फोटोसाठी शहरातून आलेल्या वसुधामॅडमचं कोळ्यांवरचं पुस्तक अडलं होतं. त्यांनी मदतीला घेतलं कुणाला? आमच्या निवृत्तीला!

सकाळीच कोळी दिसला. निवृत्ती बोंबलला, "मॅडऽऽम, घावला!" कोळी पसार. फोटोत आली पाठ आणि धूळ.

"अरे, कोळी ओळखायचा डोळ्यांवरून. डोळे न दिसणारा फोटो काय कामाचा? हे बटण दाबून पुसून टाकायचा. आणि ओरडू नकोस. पोटावर झोपून गुपचूप सरकायचं."

"बरं मॅडम."

थोड्या वेळानं एक शेळी मॅडमच्या डब्यात तोंड घालून उभी. निवृत्ती पोटावर झोपला, गुपचूप सरकत निघाला. पोचेस्तोवर पोळ्या संपवून शेळी मॅडमची टोपी खायला लागली होती.

"अरे देवा! अशा वेळी काठी आपटून हाकलायचं!"

"बरं मॅडम."

दुपारी मादी दिसली. पाठीवर पिल्लंच पिल्लं! मॅडमनी श्वास रोखला. निवृत्तीनं काठी आपटली, "हाऽऽट!" पिल्लं खाली सांडली. तो बिचारा उचलायला धावला.

"हात लावू नकोस! पडलेली आपली आपण वर चढतात. आपण गप फोटो काढायचा."

आणि खरंच, पिल्लं चढली. मॅडमनी फोटो काढला. "मिळाला रे, मिळाला!" कॅमेरा निवृत्तीच्या हाती देऊन बाई आनंदानं मागं सरकल्या, त्या थेट चिखलाच्या खड्ड्यात.

"निवृत्ती, हात दे!"

"छ्या! पडलेलं आपलं आपण चढतं." निवृत्ती पोटावर झोपला आणि फोटो काढत राहिला.

धडपडत मॅडम वर आल्या. नखशिखांत चिखल. पण हसत होत्या. "जाऊ दे. फोटो मिळाला, मी भरून पावले. दाखव बघू."

निवृत्तीनं खड्ड्यातला फोटो दाखवला.

"हा नाही रे, कोळ्याचा!"

"तो पुसला की. नुसती पाठ अन् पिल्लं. डोळे कुठं दिसत होते? हा बघा तुमचा. दोन्ही डोळे कसे वटारलेले, लख्ख!"