पिराजीनं बसवलेला क्लच

डोंगराच्या कडेला एका वाडीत पिराजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम तो सांगितल्यासारखंच करायचा. सगळी पंचाईत तिथंच होती.

त्याची बायको शेवंता बाळंतपणाला माहेरी गेली होती. लेक तीन महिन्यांची झाली, तरी पिराजीनं तिला दोनदाच पाहिलं होतं. घर त्याला खायला उठायचं. अशात सासऱ्यांचा निरोप आला. "शुक्रवारी दिवस मावळायच्या आत येऊन घेऊन जा. शनिवारपासून पितृपंधरवडा. मग पंधरा दिवस पाठवणी न्हाई."

वाटेत घाट होता, आणि पिराजीची मोटारसायकल चढ दिसला की जागच्या जागी गुरगुरायची. समोरच राहणाऱ्या बाबालाल मिस्त्रींचा हात मोडून गळ्यात आला होता. म्हणून ते बाजेवरून सांगायचे आणि पिराजी करायचा.

"क्लचच्या प्लेटा झिजल्यात," मिस्त्री म्हणाले. "नव्या आण. पण बसवायच्या आधी ऑइलात भिजत घाल, न्हाईतर करपतील."

पिराजीनं तसंच केलं. गाडी झकास ओढायला लागली.

"शाबास. आता घाट उतरायचाय, तवा ब्रेकचे लायनरबी नवे टाक."

नवं सामान कसं बसवतात ते पिराजीला आता कळलंच होतं. त्यानं लायनर चांगले चार तास ऑइलात भिजवले, बसवले, आणि मिस्त्रींना दाखवायला गाडी उतारावरून आणली. ब्रेक दाबला. गाडी अंगणातून, कोंबड्यांच्या खुराड्यातून, थेट मिस्त्रींच्या बाजेखाली गेली.

"ब्रेकला ऑइल लावलंस?" मिस्त्रींनी जमिनीवरूनच विचारलं.

"करपू नये म्हणून, मिस्त्री."

"अरं, घासून धरायचं काम ज्याचं, त्याला थेंबभर ऑइल चालत न्हाई. पेट्रोलनं पूस, उनात खडखडीत वाळव."

पिराजीनं ब्रेक वाळवला. ब्रेक कडक लागला. मग त्याला आठवलं, घासून धरायचं काम तर क्लचही करतो. त्यानं क्लच उघडला, एकेक प्लेट पेट्रोलनं पुसली आणि मिरच्यांशेजारी वाळत घातली. पुन्हा बसवून गाडी सुरू केली, तर आधी गचका बसला, मग करपट वास सुटला.

मिस्त्रींनी चांगला हात कपाळाला लावला. "आणखी नव्या आण. भिजव. बसव."

शुक्रवारी सकाळी बसवून झालं, तरी गाडी जागच्या जागी गुरगुरतच होती. पिराजीच्या मुठीत काहीतरी होतं.

"काय उरलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"एक प्लेट."

मिस्त्री एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "पिरा, काहीएक उरता कामा नये. उरलं की सगळं उघडायचं, पुन्हा बसवायचं. सगळ्यात शेवटी जे काढलं ते सगळ्यात आधी आत जातं. मग त्याच्या आधीचं. आन तुझं डोकं लावू नको."

या वेळी मात्र गाडी घाट चढून गेली. दुपारी बाराला पिराजी सासुरवाडीत हजर.

शेवंता लेकीला दुपट्यात गुंडाळून उभी होती. शेजारी ट्रंक. पिराजीला भरून आलं. दोघींना तसंच उचलून न्यावं असं त्याला फार वाटलं. पण त्यानं मन आवरलं. आपल्या घरातून काय काय निघालं होतं? पहिल्यांदा शेवंता. मग ट्रंक. सगळ्यात शेवटी, तिला न्यायला आलेल्या सासूबाई.

"मामी, तुमी आधी बसा," तो म्हणाला.

सासूबाईंना वाटलं, बाळंतिणीवर भाकरतुकडा ओवाळायला कुणीतरी पुढं जायला हवंच. जावई शहाणा झाला, म्हणत त्या बसल्या.

वाट दीड तासाची. पिराजीनं सासूबाईंना पोचवलं. परत येऊन ट्रंक नेली. तिसऱ्यांदा सासुरवाडीत आला तेव्हा दिवस बुडाला होता आणि सासरे दारात उभे होते.

"दिवेलागणीला तान्हं पोर उंबऱ्याबाहेर काढत न्हाईत, जावईबापू. आता पंधरा दिवसांनी या."

"अवो, मी दिसले न्हाई व्हय?" शेवंतानं विचारलं.

"दिसलीस की. पण तुझा नंबर शेवटी."

सकाळी पिराजी मिस्त्रींच्या बाजेपाशी येऊन बसला. त्याचे डोळे सुजले होते.

"शेवंता कुठाय?" मिस्त्री म्हणाले.

"उरली. पण काळजी करू नका. सगळं उघडून पुन्हा बसवतो. मामींना आत्ताच परत नेऊन सोडतो."

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

"एकच अडलंय, मिस्त्री," पिराजी हळूच म्हणाला. "लेक तर इथनं काढलीच नव्हती. ती कितव्या नंबरला बसवायची?"